डॅशबोर्डच्या कप्प्यामागचा चिखल

अन्याय दोघांवर झाला, आणि त्याची वेळ माझ्याच हस्ताक्षरात पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत नोंदलेली आहे. १४ मे २००६, रविवार, दुपारी सव्वाचार. पन्हाळ्याच्या उतारावर एकोणीस वर्षांची एक करवली जागच्या जागी गेली. आणि गाडी चालवणारा, कोडोलीकडचा छत्तीस वर्षांचा ड्रायव्हर, त्या मिनिटापासून गुन्हेगार झाला. तिला मी वाचवू शकत नव्हतो. त्याला वाचवू शकत होतो. वाचवलं नाही. ती दुपार मला विसरता येत नाही, ती यासाठी.

मी तेव्हा फौजदार होतो, नोकरीला जेमतेम चार वर्षं झालेली. पुढे दोन वर्षांनी राजीनामा दिला. लोक मला कार्यक्रमाला ‘निवृत्त अधिकारी’ म्हणून बोलावतात. माझे केस अजून काळे आहेत. या प्रकरणात मी कुणाचंच नाव घेणार नाही, ठाण्याचंही नाही. नावं घेतली की वाचणारा म्हणतो, तो एक माणूस वाईट होता. इथं कुणी एक वाईट नव्हता. आम्ही सगळे रोजच्यासारखं काम करत होतो.

ड्रायव्हर बौद्ध घरातला. बारा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्यावर त्यानं स्वतःची घेतली, आणि घेतली ती परदेशी बनावटीची, पांढरी, लांबलचक. वापरलेली होती, पण कोल्हापुरात असली गाडी तेव्हा मोजक्या बंगल्यांत असायची. ती तो लग्नाला भाड्यानं द्यायचा. ज्या गल्लीत त्याचा बाप वरातीच्या मागं गॅसबत्ती डोक्यावर घेऊन चालला, त्याच गल्लीत हा आता वरातीच्या सगळ्यात पुढं. डॅशबोर्डवर त्यानं बोटभर उंचीची बुद्धाची पितळी मूर्ती चिकटवली होती. काही गिऱ्हाइकं म्हणायची, ‘आजच्या दिवस आमचा गणपती ठेवू, हे काढ.’ तो काढायचा, समोरच्या कप्प्यात ठेवायचा, आणि सोडून आलं की परत लावायचा. त्या रविवारीही मूर्ती कप्प्यातच होती.

लग्न आदल्या दिवशी झालं होतं. जोडपं ज्योतिबाला जाऊन पन्हाळ्यावर आलं, फोटो काढले आणि उतरायला लागलं. नवरा-नवरी मागं, करवली पुढं ड्रायव्हरशेजारी. तिसऱ्या वळणावर गाडी कठडा फोडून झाडावर गेली. मागचे दोघं हाडं मोडून वाचले. अशा गाडीत धडकेच्या वेळी पुढच्या माणसासमोर हवेचा फुगा उघडतो. तो उघडला नव्हता. का उघडला नाही, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही, कारण तसा फुगा असतो हेच आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं.

पंचनामा झाला. पंच नेहमीचेच, चहाच्या गाडीवरचे दोघं. दुसऱ्या दिवशी मोटार वाहन निरीक्षक आले. क्रेननं ओढून आणलेल्या गाडीत बसले, ब्रेकवर पाय दाबला, तो दगडासारखा घट्ट लागला. ‘ब्रेक कार्यक्षम’ असं लिहून दहा मिनिटांत गेले. आमच्या जीपचा ब्रेक ढिला असायचा, दोनदा मारल्याशिवाय लागायचा नाही. घट्ट ब्रेक म्हणजे चांगला ब्रेक, हे आम्हाला बाळपणापासून ठाऊक.

मग ड्रायव्हरला माझ्यासमोर बसवलं. कपाळाला टाके, शर्टावर दुसऱ्याचं रक्त.

‘साहेब, गाडी चालता चालता आपोआप बंद पडली. स्टेअरिंग वळंना. ब्रेक दगडागत घट्ट झाला, लागलाच न्हाय.’

माझे हवालदार नोकरीत मुरलेले. ते म्हणाले, ‘घट्ट बी हुता आणि लागला बी न्हाय? अरे, ढिला हुता म्हण की. खोटं तरी नीट बोल.’

सगळे हसले. मीही हसलो. ‘ब्रेक लागला नाही’ हे अपघात केलेला प्रत्येक ड्रायव्हर सांगतो. पण ‘घट्ट झाला’ असं सांगणारा हा पहिलाच होता. खोटं बोलणारा माणूस ऐकणाऱ्याला पटेल असंच बोलतो. हा न पटणारं बोलत होता, आणि तीन वेळा विचारलं तरी तेच. तपासाच्या वर्गात हे शिकवलेलं असतं. परीक्षेत मी त्याचं उत्तरही लिहिलं होतं.

नवरदेवाच्या घरचे रोज ठाण्यात. वरून रोज फोन. मी कलम ३०४ अ खाली, म्हणजे निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याचं, आरोपपत्र तयार केलं, आणि ज्या दिवशी ते कोर्टात गेलं त्या दिवशी त्याला बाजूला घेऊन प्रत्येक ठाण्यात देतात तो सल्ला दिला. ‘हे बघ, कबूल कर आणि मोकळा हो. दंडावर सुटशील. नाहीतर पाच वर्षं तारखा.’

तो म्हणाला, ‘लायसन ऱ्हाईल का साहेब? बाकी कायबी हू दे.’

मी म्हणालो, ‘राहील.’

हे मी कशाच्या आधारावर म्हणालो? कशाच्याच नाही. त्यानं वकील दिला नाही, वर्दीवर विश्वास ठेवला. कोर्टात गुन्हा कबूल केला. एका मुलीचा जीव गेलाय, असं म्हणून कोर्टानं एक वर्षाची कैद दिली. लायसन रद्द. तो माझ्याकडं रोखून बघत होता असं मला लिहायचं नाही; तो माझ्याकडं बघतच नव्हता. त्याला कळंब्याच्या तुरुंगात पोहोचवणाऱ्या गाडीच्या कागदावरही माझीच सही आहे.

दोन महिन्यांनी त्याची बायको ठाण्यात आली. कळंब्याला मुलाखतीला जाऊन थेट आली होती.

‘त्येनी सांगितलंया, गाडीच्या कप्प्यात मूर्ती हाय, तेवढी आणून दे. गाडी काय नगं म्हणाले.’

मी स्वतः आवारात गेलो. कप्पा अडकला होता. हिसका दिला तर अख्खा कप्पाच हातात आला, मूर्ती पायाशी पडली आणि मागची पोकळी उघडी झाली. आत चिखल होता. वाळलेला, भेगा पडलेला, तळ्याच्या तळासारखा. तारांच्या जुडग्यावर हिरवी बुरशी चढलेली, आणि पत्र्यावर सरळ आडवी रेघ, पाणी इथपर्यंत होतं म्हणून सांगणारी.

हवालदारांनी चिमूट घेऊन बोटांत चोळली. ‘ही आपल्याकडची माती न्हवं, साहेब.’ मग सीटवरून हात फिरवला. ‘आणि ही शिवण कंपनीची न्हवं. ही उद्यमनगरातली.’

उद्यमनगरात, कोल्हापूरच्या त्या गॅरेज-कारखान्यांच्या भागात, सीटकव्हर शिवणारे किती? तिसऱ्या दुकानात माणूस सापडला. फोटो बघताच म्हणाला, ‘व्हय, मीच शिवल्या. मुंबईच्या पुरात बुडालेली गाडी ती. गालिचा उचलला तर घाण वास. सोडा टाकून चारदा धुतला. जुन्या गाड्या विकणारे शेठ हायत, त्येंनीच आणलेली; म्हणाले, कप्प्यामागं हात घालू नको, तिथं कोण बघतंय.’

‘मग आधी का नाही सांगितलंस?’

‘तुमी इचारलं कुठं?’

उद्यमनगरातल्याच एका मेकॅनिकनं बाकीचं सांगितलं. पुराच्या पाण्यानं तारा कुजलेल्या, इंजिन आणि तो हवेचा फुगा त्याच तारांवर चालायचे, म्हणून गाडीत बिघाडाचा लाल दिवा सारखा लागायचा. सुटा भाग पुण्याहून यायला आठवडा, आणि लग्नसराईत गाडी आठवडाभर उभी ठेवणं ड्रायव्हरला परवडणारं नव्हतं. शेठचा निरोप होता, दिव्याची तार तोड. मेकॅनिकनं तोडली. मग मी त्याला ड्रायव्हरचं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. तो म्हणाला, ‘बरोबर हाय की. असल्या गाडीला इंजिन बंद पडलं की ब्रेकचा जोरच जातो. पेडल दगडागत घट्ट हुतं. नवं पोरगंबी सांगंल.’

मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

शेठला बोलावलं. जुन्या गाड्यांचा बाजार चालवणारा, गळ्यात सोनसाखळी, आल्या आल्या हवालदारांची विचारपूस. तासभर त्यानं पुराचं नावही घेतलं नाही. मग मी सीटवाल्याला दारात उभा केला. शेठनं त्याच्याकडं बघितलं, खुर्चीत सैलावला आणि सरळ बोलला.

‘बुडालेली हुती, माहीत हाय मला. पण चालत हुती की. आणि साहेब, मी विकली असं कुठल्या कागदावर हाय? दाखवा.’

कागदावर नव्हतंच. मुंबईच्या मूळ मालकानं गाडी काढून टाकताना मालकी बदलण्याच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या होत्या. ते फॉर्म तीन हातांतून शेठकडे आले. ड्रायव्हरला गाडी देताना शेठनं त्यावर थेट त्याचं नाव भरलं. कागद म्हणत होता, मुंबईच्या मालकानं कोडोलीच्या ड्रायव्हरला विकली. मधे कुणीच नाही. सीटवाला आणि मेकॅनिक दोघंही लेखी जबाब द्यायला तयार नव्हते. त्यांची चूल शेठच्या कामावर होती.

तरी मी अहवाल लिहिला. माझ्या वरच्या साहेबांनी तो वाचला, बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘ब्रेक कार्यक्षम हा अहवाल जोडलेल्या आरोपपत्रावर सही कुणाची?’

‘माझी.’

‘आणि आरोपीनं कोर्टात काय सांगितलं?’

‘कबूल केलं.’

‘मग तू आता कुणाविरुद्ध तपास करणार? स्वतःविरुद्ध?’

मी वकिलाला भेटलो. त्यानं कायदा दाखवला. खटला लढून हरलेला माणूस निकालाविरुद्ध अपील करू शकतो. ज्यानं स्वतः कबूल केलं त्याला तो दरवाजा जवळजवळ बंद. शिक्षा जास्त झाली एवढंच म्हणता येतं. वर जायला आणखी वाटा आहेत, वकील म्हणाला, पण तुझे साक्षीदार कुठं आहेत? ज्या सल्ल्यानं मी त्याला ‘मोकळा’ करत होतो, त्यानंच त्याला कोंडलं होतं.

तो पूर्ण वर्ष भोगून बाहेर आला. गेल्या उन्हाळ्यात मी शेठच्या बाजारावरून गेलो. कठड्याआत तो गाड्या पुसत होता. लायसन नाही, दुसरं काम येत नाही, शेठनंच ठेवलंय. मी थांबलो. म्हणालो, ‘मला माफ कर.’

तो पुसत राहिला. मग म्हणाला, ‘साहेब, बाजूला व्हा. सावली पडाय लागलीया काचंवर. डाग दिसंना.’

या प्रकरणानं मला काय शिकवलं? माणूस पटणारं बोलत नसेल तेव्हाच नीट ऐकावं, हे. आणि हे मला उशिरा कळलं; त्यापायी गेलेल्या त्याच्या वर्षाची भरपाई कुठल्याही कलमात नाही.

आता तुमच्याकडं येतो. तुम्ही कधीतरी जुनी गाडी विकली असेल. फॉर्मवर सही करून कोरा ठेवला असेल, ‘पुढचा भरून घेईल’ म्हणून. ती गाडी आज कुणाकडं आहे, तुम्हाला माहीत नाही. हे वाचून झाल्यावर उठा, परिवहन कार्यालयात जा, आणि तुमच्या सहीपुढं कुणाचं नाव आहे ते बघा. मग त्या माणसाला शोधा आणि त्या गाडीबद्दल तुम्हाला जे माहीत होतं ते त्याला सांगा. तो घाट उतरायला लागण्याआधी सांगा.