खंडेनवमीची फर्नेस

नागपूरच्या विमानतळावर ऐन मे महिन्यात आईने मला स्वेटर घालायला लावला. तिनेच विणलेला, मोरपंखी. "तिकडची थंडी मारते म्हणतात," ती म्हणाली आणि मग कानाशी तोंड आणून, "जुळवून घेजो, बेटा." पलीकडे नवा नवरा ट्रॉलीवर बॅगा रचत होता. काय नशीब काढलं पोरीने, असं सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मागे राहिलेल्यांनो, तुम्ही त्या दिवशी पेढे खाल्लेत, हात हलवलेत, म्हणून आधी तुम्हालाच सांगते. थंडीने मला कधी मारलं नाही.

मारलं ते नवऱ्याने. त्याचं नाव मी घेत नाही, लाजून नव्हे, तोंड विटाळतं म्हणून.

इकडे नेपरव्हिल गावातल्या आमच्या घरात बेसमेंटमध्ये गॅसची फर्नेस होती. ती हवा तापवते आणि झरोक्यांतून घरभर सोडते. भर हिवाळ्यात ती बंद पडली तर पाण्याचे पाइप गोठून फुटतात, म्हणून शहाणी माणसं थंडीच्या आधीच तिची निगा राखतात. फिल्टर बदलायचा, बर्नरवरची धूळ काढायची, धूर बाहेर नेणाऱ्या पाइपात पाला अडकलाय का बघायचं. आमच्याकडे यातलं काहीच कधी झालं नाही. "मी इंजिनिअर आहे, परका माणूस घरात नको," एवढंच उत्तर मिळायचं. घर किती तापवायचं ते ठरवणाऱ्या थर्मोस्टॅटला मी हात लावायचा नाही, हाही त्याचाच नियम.

होता होता फर्नेस पेटताना धाडकन आवाज करायला लागली. भिंती हादरायच्या. मी म्हटलं, मेकॅनिकला बोलावू या. त्याने मला बेसमेंटच्या जिन्यावरून ढकललं. मनगट मोडलं. आईला फोनवर सांगितलं, बर्फावरून घसरले. "जपून चालत जा," ती म्हणाली आणि फोन ठेवता ठेवता पुन्हा तेच, जुळवून घेजो.

पुढच्या हिवाळ्यात विषारी वायूचा अलार्म किंचाळायला लागला, तोही आमच्या मुलीच्या, सईच्या खोलीबाहेर. त्याने तो छतावरून ओरबाडला आणि बुटाच्या टाचेखाली चिरडला. "फॉल्टी आहे," म्हणाला. सईचं सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखायचं. मी गुपचूप तिच्या खोलीची खिडकी उघडून तिला रजयांत गुंडाळून ठेवायची आणि पकडली गेले की मार खायची. पोर सकाळी उठेल की नाही, या धास्तीने तो हिवाळा मी काढला.

बाबा गेल्यावर आई नवरात्रात आमच्याकडे आली. बाबांचं नागपुरात लेथचं वर्कशॉप होतं आणि आई उभं आयुष्य तिथे त्यांच्या बरोबरीने राबलेली. खंडेनवमीला आम्ही मशीन पुसायचो, तेल द्यायचो, हळदकुंकू वाहायचो. त्या दिवशी मशीन चालवायचं नाही, यंत्रालाही विसावा. इथे आई बेसमेंटमध्ये उतरली आणि फर्नेससमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काऊन वं, हिला कोणी कधी हातच नाही लावला?"

आम्ही बटण बंद केलं, गॅसची कळ फिरवली, झाकण काढलं. फिल्टर काळाकुट्ट, गोधडीसारखा जाड झालेला. दुपारभर धूळ उपसली. मग पाटावर पाना, पक्कड, हातोडी मांडून आईने माझ्या हातून हळदकुंकू वाहून घेतलं. "आज हिला चालवायची नाही," तिने बजावलं. मी हो म्हटलं.

तो ऑफिसातून आला तेव्हा घर गार होतं. "हीट कोणी ऑफ केली?" ओरडतच तो खाली उतरला. लाथेने पाट उडवला. कुंकू भिंतीवर उडालं. मग त्याने माझे केस धरले आणि डोकं फर्नेसच्या पत्र्यावर आपटलं. कपाळ फुटून डोळ्यात रक्त उतरलं.

"जावईबापू, केस सोडा तिचे," आई म्हणाली.

"तुम्ही मध्ये पडू नका, आई."

"सोडा म्हणते ना."

त्याने पुन्हा आपटलं. आईने जमिनीवर पडलेला पाना उचलला आणि त्याच्या कोपरावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. आनंद झाला, लपवत नाही. तो गुरासारखा ओरडत खाली बसला, तर तिने पाना पुन्हा उगारला. आता जावईबापू नव्हतं. "उठून तर दाखव, मुडद्या."

जिन्यावर सई फोन कानाला लावून उभी होती. "प्लीज कम फास्ट! ही इज किलिंग माय मॉम," पोलिसांना पत्ता सांगत होती. पोलिसांनी माझं कपाळ पाहिलं, सईचं ऐकलं आणि बेड्या त्याला घातल्या. दुसऱ्या दिवशी मी मेकॅनिक बोलावला. त्याने फर्नेसला लाल चिठ्ठी लावून ती चालवायची बंदी केली. आतल्या पत्र्याला चीर गेली होती, विषारी वायू घरात येत होता. म्हणजे नवऱ्याच्या हातून वाचलो असतो, तर फर्नेसच्या हातून मेलो असतो.

आता मी आणि सई एका छोट्या टाउनहाउसमध्ये राहतो. फर्नेसची कामं मी व्हिडिओ बघून शिकले. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांत माझं नावच पडलंय, फर्नेसवाली ताई. नागपूरला जाते तेव्हा काकू अजून हळूच विचारतात, "काहीच जमण्यासारखं नव्हतं का गं?" मी चहा अर्धा टाकून उठते. त्या गावाला घर म्हणायची माझी जीभ आता वळत नाही.

इकडे आलेल्या बायांनो, उरलेलं तुमच्यासाठी. गेल्या आठवड्यात पुण्याच्या एका मुलीचा फोन आला, नुकतंच लग्न होऊन आलेली. "ताई, फर्नेसचा फिल्टर अडकलाय. हा ऑफिसला गेलाय, तोवर येऊन बघाल का?" मी गेले, झाकण काढलं. फिल्टर नवाकोरा होता, अलगद हातात आला. मी वळून तिच्याकडे पाहिलं.

"मारतो?"

गळ्याभोवतीचा स्कार्फ सोडून तिने हातात घेतला. गळ्यावर बोटांचे वळ होते.

मी फिल्टर आत सरकवला, झाकण घट्ट लावलं. "बॅग भर," म्हटलं. "घरी जाऊ."