कोपरगाव लोकसभेची शेवटची भिंत

...तर चुन्याची बादली घेऊन आला अजिनाथ, ग्रामपंचायतीचा शिपाई. असं लिव्ह, संस्कृती पोरी. अन् थांब, भिमाजीनाना कोन त्ये आधी टाक, न्हाईतर वाचनाऱ्याला काय कळायचं?

भिमाजीनाना म्हंजी आपल्या पुणतांब्याचे पेंटर. आणीबाणीच्या शेवटाला इलेक्शन झालं ना, तवापासनं परचाराच्या भिती रंगवायचे. आपला मतदारसंघ तवा कोपरगावच्या नावाचा. पक्ष कुठलाबी असू दे, उमेदवार कुनीबी असू दे, 'कोपरगाव लोकसभा मतदारसंघ' ही अक्षरांची वळ नानांच्याच हातची. माणसं पडली, निवडून आली, वर गेली, वळ तीच.

अन् जोडीला बायको, लंकाबाई. दुकानाची पाटी नाना एकटे करायचे, पर लोकसभेची भित लांबलचक, तिला दुसरं मानूस लागायचंच. दोरी निळीत भिजवायची, एक टोक नानांनी भितीवर दाबायचं, दुसरं लंकाबाईनी, अन् मधी चिमटीत ताणून सोडायची. फट्! सरळ रेघ. तिच्यावर मंग अक्षरं बसवायची.

दोन हजार चारला माझ्या डोळ्यादेखत त्या दोघांनी जुन्या रस्त्याकडंच्या बंद गुऱ्हाळाची भित केली. लंकाबाईच्या अंगठ्याला निळा ऑइलपेंट लागल्याला, तिनं तसाच दाबला दोरीवर, भितीला ठसा उठला.

"अगं ए, भित घान केलीस की!"

"ऱ्हाऊ द्या. मला कुठं लिव्हता येतंय? तुमची येवढाली अक्षरं, ही माझी येवढीशी सही."

नाना बडबडले, पर पुसलं न्हाई.

पुढच्या इलेक्शनच्या आत लंकाबाई काविळीनं गेली. अन् मतदारसंघबी गेला बघ. कोपरगावचं नाव निघालं, शिर्डीचं लागलं, जागा राखीव झाली. नानांनी दोरीचं दुसरं टोक खिळ्याला बांधलं अन् एकटेच भिती करायला लागले. आन् काय केलं असंल? हाताला सवय! निम्म्या गावात 'कोपरगाव लोकसभा' लिव्हून मोकळे! प्रचाराची जीप आली, पोरं हासून हासून लोळली.

"ओ नाना, हा मतदारसंघ तर उठला की! आता उमेदवार कुठनं आनायचा?"

"नानालाच तिकीट द्या रं, बिनविरोध येत्यात!"

नाना हासले न्हाईत. समदं खरवडून पुन्यांदा लिव्हलं. गुऱ्हाळाची जुनी भित तेवढी आता आडबाजूला पडल्याली, तिच्याकडं कुनी बघितलं न्हाई. ती तशीच ऱ्हायली. पुढं फ्लेक्स आलं, अन् नानांना कुनी बोलवीनासं झालं.

एकच लेक त्यांना, सत्यशीला. हडपसरला दिल्याली. ती न्यायला आली हुती.

"नाना, चला की. हितं कोन हाय तुमचं?"

"हाय की."

"कोन?"

नाना दोरी गुंडाळत बसले. ती रडकुंडीला येऊन म्हनली, "मग बसा तुमच्या भिती बघत!" अन् गेली. दर साल शिर्डीला दर्शनाला येती म्हनं. तिथनं पुणतांबा काय, एका येष्टीची वाट. पर येत न्हाई. अन् नाना बोलवत न्हाईत. सांज झाली की फडक्यात भाकरी बांधून गुऱ्हाळापाशी जात्यात, भितीला टेकून खात्यात. कुनाशी बोलनं न्हाई, चालनं न्हाई.

तर गेल्या इलेक्शनला आचारसंहिता लागली. भितीवरचं समदं पुसायचा हुकूम. म्हनून आला अजिनाथ.

"नाना, सरका. ही तुमची भित राह्यली बघा."

"आरं, जो मतदारसंघच न्हाई, त्याचा परचार कसा व्हईल?"

"त्ये मला काय कळतंय? सायबाला फोटू पायजे, भित पांढरी."

नानांनी हात पुढं केला. "आन तो ब्रश. तुझ्या हातानं चुन्याचे वघळ येत्यात."

अन् स्वतःच्या हातानं पुसलं गं त्यांनी. आधी मतदारसंघ, मंग लोकसभा, शेवटाला कोपरगाव. चुन्याचे दोन हात दिले. पर डाव्या कडंला ब्रश आला की वळायचा. तिथं तो निळा अंगठा तसाच.

"नाना, डाग राह्यला."

"डाग न्हाई तो."

"मग काय हाय?"

लेकीला सांगितलं न्हाई, त्ये अजिनाथाला काय सांगनार? चुन्याचे हात धोतराला पुसले अन् त्या अंगठ्यावर पाठ टेकून उभे ऱ्हायले.

"काढ फोटू."

"आवो, तुमी मधी आलाव!"

"भित पांढरी हाय ना? मग काढ."

अजिनाथानं काढला. समदी पांढरी भित, अन् कडंला एक म्हातारा. सायबानं फोटू चालवून घेतला. अंगठा वाचला.

पर गुऱ्हाळाची जागा इकल्याली हाय. दिवाळीनंतर भित पाडनार म्हनत्यात. नाना अजून सांजच्याला तिथंच. पाठ लावून.

म्हनून ह्ये वाचनाऱ्या बाप्यांनो, बायांनो, हडपसरला नायतर शिर्डीच्या दर्शनाच्या रांगेत पुणतांब्याची सत्यशीला कुनाला भेटली, तर येवढं सांगा तिला: आईचा अंगठा हाय भितीवर, भित हाय तवर येऊन बघून जा. नानांनी सांगितलं असं मातर म्हनू नका. त्यांनी न्हाई सांगितल्यालं.