दर्जा वाढलेला रस्ता

माझ्या माहेरच्या रस्त्याचा दर्जा वाढला, हे भावाने मला फोनवर सांगितले तेव्हा तो पेढा खात होता.

"ताई, आपला रस्ता आता गावरस्ता राह्यला नाई," तो म्हणाला. "प्रमुख जिल्हा मार्ग झाला. पंचायतीनं पेढे वाटले."

मी धामणगाव बढ्याला शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. त्यामुळे कुठलाही सरकारी शब्द गावात आला की तो आधी माझ्याकडे पाठवला जातो, आणि मीही तो समजल्यासारखा चेहरा करते. "चांगलंच झालं न," मी म्हटले, "मोठा दर्जा, मोठा निधी." हे मी कशाच्या आधारावर बोलले, ते मला आजही सांगता येणार नाही.

माहेर वडनेर भोलजीपासून आत आहे. हायवेच्या फाट्यावरून गावापर्यंत तो रस्ता कपाशी-तुरीच्या वावरांमधून जातो आणि मधे नाल्यावर एक रपटा आहे, पूर आला की ज्याच्यावरून पाणी वाहते तो बुटका पूल. पूर्वी दर वर्षी दिवाळीच्या मागेपुढे डांबराचा ड्रम आणि गिट्टीचा ट्रॅक्टर यायचा. चार बाया आणि दोन माणसे खड्ड्यांना ठिगळे लावून जायची. आम्ही त्या ठिगळांना नावे ठेवायचो, पण ती लागायची. दर्जा वाढल्यावर ड्रम आला नाही. भाऊ म्हणाला, मोठ्या रस्त्याचे मोठे काम असते, वेळ लागेल. दुसऱ्या वर्षीही आला नाही, तेव्हा त्याने हे वाक्य बोलणे सोडून दिले.

यंदा पोळ्याच्या सुमारास रपट्याची एक कड वाहून गेली आणि मुलींची निळी बस बंद झाली.

ही बस गावातल्या मुलींना शाळा-कॉलेजात नेते. माझी भाची, म्हणजे या भावाचीच मुलगी, तिच्यातून नांदुऱ्याला जाते. बारावीत आहे, सायन्सला. डेपोने सांगितले, रस्ता वाहतुकीलायक आहे असे ज्याचा रस्ता आहे त्याने लिहून द्यावे, तोवर बस फाट्यावरूनच परत फिरेल. फाट्यापासून गाव तासाभराची पायपीट. संध्याकाळी परतताना दोन्ही बाजूंना तूर माणसापेक्षा उंच. महिनाभर भावाने मोटरसायकलवर नेऊन-आणून केले, मग कपाशी वेचणीचे दिवस जवळ आले.

"मी दोन टाइम फाट्यावर जाऊ का वावर पाहू?" तो म्हणाला. "बारावी नाई झाली तं नाई झाली. मेहकरकडून एक स्थळ आलं आहे. पाहाले येऊन राह्यले."

मी त्याच्यावर इतकी चिडले की फोनवर माझा आवाज बसला. पण चिडून बस सुरू होत नाही, म्हणून मी रजा टाकली आणि रस्ता कोणाचा आहे ते विचारायला निघाले. मला वाटले होते, एका दुपारचे काम आहे.

आधी नांदुऱ्याला, ठिगळे लावणाऱ्या जुन्या ऑफिसात गेले. तिथल्या क्लार्कने मला खुर्ची दिली आणि म्हणाला, "मॅडम, हा रस्ता आमच्याकडून गेला."

"कुठं गेला? सकाळी त्याच्यावरूनच आली न मी."

"तसा नाई. कागदावर गेला. दर्जा वाढला न त्याचा. दुरुस्तीचा आमचा हेड तीस चोपन्न. त्यात आता तो बसत नाई. आम्ही एक टोपलं मुरूम टाकला तरी ऑडिटवाला विचारते, दुसऱ्याच्या रस्त्यावर खर्च काऊन केला."

तीस चोपन्न हा दुरुस्तीच्या पैशांच्या खात्याचा आकडा, एवढे मला समजले. मग तो म्हणाला की नवीन काम असेल तर ते खाते वेगळे, रपटा मोठा करायचा तर आणखी वेगळे, आणि आमदारांच्या निधीतून काही होईल पण रपट्याच्या अलीकडेच, आणि तेवढ्यात माझी मान हलत राहिली पण डोके थांबले.

नवीन ऑफिस नांदुऱ्याच्याच दुसऱ्या टोकाला होते. तिथे सांगितले, रस्ता त्यांच्याकडे अजून आलेला नाही. हस्तांतरण व्हायचे आहे. जुन्यांनी चांगल्या स्थितीत करून दिला की ते घेतील. मी म्हटले, जुने तर म्हणतात त्यांचा राहिलाच नाही, मग ते चांगला कसा करतील? समोरच्या साहेबांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी शंका नाही, उत्तरच सांगितले आहे. शेजारच्या टेबलावर एक वयस्कर गृहस्थ सुपारी कातरत बसले होते. त्यांना माझी दया आली असावी.

"असं समजा ताई," ते म्हणाले, "पोरीचं लग्न लागलं. माहेरच्यानं रेशन कार्डातून नाव कापलं. सासरच्यानं अजून घरात घेतली नाई."

"मंग ती पोरगी सध्या कुठं आहे?"

"रस्त्यावर," ते म्हणाले, आणि स्वतःच हसले.

मीही हसले. जिन्यावरून उतरताना भाची आठवली आणि हसल्याचा राग आला.

त्या आठवड्यात मला सहावीला 'स्थानिक शासन' शिकवायचे होते. पुस्तकात सगळे ओळीने दिलेले असते, कोणाचे काम काय. मी फळ्यावर 'रस्ते' लिहिले आणि पुढे काय लिहावे ते सुचेना. शेवटी मी ते पुसून 'पिण्याचे पाणी' लिहिले.

गावाने मग ग्रामसभा बोलावली. रस्त्याचा दर्जा कमी करावा, असा ठराव घ्यायचा ठरले. तो पुन्हा गावरस्ता झाला की पुन्हा जुन्या ऑफिसचा होईल, आणि ड्रम येईल. "म्हणजे आपणच म्हणाचं, आमचा रस्ता हलका आहे?" एकाने विचारले. दुसऱ्याने विचारले, "मंग पेढे वापस करा लागतीन का?" लोक हसले, ठराव झाला. तो आता मुंबईला जाईल म्हणतात. वाढवताना जिथून वाढला, कमी करतानाही तिथूनच कमी होणार.

दिवाळीच्या सुट्टीत मी माहेरी आले. पाहायला येणारी मंडळी येऊन गेली होती आणि त्यांचा निरोप यायचा होता. भाची पुस्तक उघडून बसायची, पान मात्र उलटायची नाही. मी भावाला काही बोलले नाही, कारण बोलले असते तर भांडणच झाले असते. रविवारी सकाळी गावच्या बुद्धविहारासमोर लोक जमले, भावाचा ट्रॅक्टर निघाला, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून रपट्याची कड दगड-मुरमाने भरून काढली. भाची टोपली घेऊन सगळ्यांच्या पुढे होती. त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर जेवली.

दोन दिवसांनी रपट्यावर एक जीप आली. उतरलेल्या साहेबांनी विचारले, "आमच्या रस्त्यावर कोणाच्या परवानगीनं काम केलं?" आम्ही उत्तर शोधतो आहोत तोच दुसरी जीप आली. ती दुसऱ्या ऑफिसची होती. त्यातल्या साहेबांचाही हाच प्रश्न, आणि त्यातही तोच शब्द होता, आमच्या. मला इतका आनंद झाला की मी हात जोडले.

"साहेब, 'आमच्या' म्हणालात न, तेवढंच लिहून द्या. दोघांपैकी कोणीबी."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. एक म्हणाला, आम्ही फक्त पाहणीला आलो. दुसऱ्याने मुरमाचा फोटो काढला. आधी आलेली जीप आधी गेली.

म्हणजे कोणी लिहून दिले नाही. डेपोला आम्ही काही पाठवले नाही, कारण पाठवायला हातात काही नव्हते. सुट्टी संपली त्या सकाळी भाऊ भाचीला फाट्यावर सोडायला मोटरसायकल काढत होता. तोंड फुगवूनच, पण काढत होता. मलाही बॅग घेऊन निघायचे होते. तेवढ्यात नाल्याकडून हॉर्न वाजला. निळी बस आमच्या मुरमावरून हळूहळू वर चढली आणि नेहमीच्या जागी येऊन थांबली. मुली धावत सुटल्या. जणू बस कधी बंदच पडली नव्हती.

मला काही कळेना. कोणाचे पत्र गेले? कोणत्या ऑफिसने रस्ता आपला म्हटला? का दर्जा कमी झाला? एवढे महिने ज्याचे उत्तर कोणी दिले नाही ते या ड्रायव्हरला माहीत असणार, म्हणून मी तरातरा त्याच्या खिडकीकडे निघाले. भाचीने मागून माझे मनगट धरले.

"आत्या, विचारू नको."

"काऊन?"

"विचारलं तं त्याले याद येईन," ती हळू आवाजात म्हणाली. "मंग बंद करतीन."

तिच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती मला शाळेत कोणत्याही मुलाच्या चेहऱ्यावर पाहायला आवडली नसती. मी वर्षानुवर्षे मुलांना सांगत आले की नागरिकाने विचारले पाहिजे. मी खिडकीखाली उभी राहिले. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिले, मी त्याच्याकडे पाहून हसले, आणि भाची आत चढली.

बस वळून गेल्यावर भावाने मोटरसायकल परत स्टँडवर लावली.

"काय म्हणला डायवर?" त्याने विचारले.

"काही नाही," मी म्हटले. "मी विचारलंच नाही."