वाढवलेलं लबन

न्यूमोनिया गेला आणि जाताना माझ्या मांड्या घेऊन गेला. तशा त्या आधीही कुणी वळून बघावं अशा नव्हत्या, पण खुर्चीतून उठताना निदान माझ्या बाजूने असायच्या. आता मी सोफ्याचा हात धरून, दोन झोके घेऊन, "हं" करून उठत असे आणि उठल्यावर गड सर केल्यासारखा इकडेतिकडे बघत असे. कुणी बघत नसे.

मी इथे कुवेतला एका क्लिनिकमध्ये एक्स-रे काढतो. बटण दाबायला ताकद लागत नाही. पेशंटला स्ट्रेचरवरून टेबलावर घ्यायला लागते. नोकरीचा करार संपत आला होता. डॉक्टर फिट म्हणाले तर नवा करार, करार झाला तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, आणि माझ्या इकाम्यावर बायको नि बारावीतली मुलगी. म्हणजे सालमियातलं आमचं सगळं बिऱ्हाड माझ्या मांड्यांवर उभं होतं. मांड्यांना याची कल्पना नव्हती.

फिजिओथेरपीवाली मुलगी पुण्याची. "काका, व्यायाम मी करून घेईन. पण स्नायू हवेवर वाढत नाहीत. प्रोटीन खा."

"पावडर घ्यायची का?"

"परवडत असेल तर घ्या. नाहीतर बकाल्यात मिळतं तेच. टूनाचे डबे, शिजवलेल्या छोल्यांचे डबे, अंडी, लबन. उघडायचं आणि खायचं. पण भरपूर हं, वाढवायचंय आपल्याला."

बकाला म्हणजे आमच्या बिल्डिंगखालचं किराणा दुकान आणि लबन म्हणजे तिथं बाटलीत मिळणारं दाट ताक. सगळं घेतलं. पिशव्या माझ्या मुलीने उचलल्या, कारण ताकदीचं सामान वर न्यायलाही ताकद लागते.

बायको मालवणची. टूनाचा डबा उघडून तिने वास घेतला. "ह्येका मासो म्हणतत?"

"औषध म्हण."

"औषध म्हणान कोरडा कित्याक खातास? मी करतंय बरोबर."

तिने बरोबर केलं. मी रोज खात होतो, अगदी आज्ञाधारकपणे. टूनाचे कटलेट, छोल्यांची उसळ, लबनचा मठ्ठा, वर कोथिंबीर. शुक्रवारी वरच्या मजल्यावरचे लातूरकडचे काका-काकूही जेवायला असायचे. काकू म्हणायच्या, "भाऊजी, आजारपण मानवलं बरं का तुम्हाला!" मानवलं होतं, फक्त पोटाला. मांड्या होत्या तिथेच होत्या.

घोळ मुलीने शोधला. एका शुक्रवारी ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच ओरडली, "आई! यू आर डायल्यूटिंग बाबा!"

मी झोके घेऊन उठेपर्यंत सुनावणी सुरू झाली होती. लबनच्या एका बाटलीत जवळजवळ तेवढंच पाणी. टूनाच्या एका डब्याला पातेलंभर बटाटे. उसळीच्या रश्श्यात छोले शोधावे लागत होते.

"अगं, हे काय केलंस?"

"वाढवलंय," ती म्हणाली. आमच्यात पाहुणे आले की ताक वाढवतात, आमटी वाढवतात. त्यात चूक काय, हे तिला खरोखरच कळेना. "तुम्हीच सांगितलंत ना, ती फिजिओवाली वाढवायला सांगते म्हणून? आणि एकट्या तुमच्या पानात डबा उपडा करू, पोरीच्या पानात काय? तुमच्या एका पगारात भागवायचंय सगळं."

मी परत सोफ्यावर बसलो. मुलगी कटलेट खाऊ लागली.

तपासणी पुढच्याच आठवड्यात होती. डॉक्टर म्हणाले, हात छातीवर बांधा आणि खुर्चीतून उठा. मी अर्धा उठलो. धड बसलेला नाही, धड उभा नाही अशा अवस्थेत क्षणभर राहिलो, आणि खुर्चीने मला परत घेतलं. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, "करार संपायच्या आधी एकदा पुन्हा बघू, इन्शाल्ला."

घरी बायकोने चेहरा बघूनच निकाल ओळखला. शुक्रवारी तिने पान मांडलं. नुसता टूना, बटाटा नाही. दोन अंडी. पेल्यात दाट लबन. पाण्याचा जग तिने स्वतःच ओट्याच्या पार टोकाला सरकवला.

"वाढू?"

"वाढ," मी म्हटलं, आणि चुकून मांडीकडे बघितलं. ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

तेवढ्यात बेल वाजली. दारात काका-काकू. "म्हटलं, आज बोलावणं नाही, बरं नाही की काय कुणाला?"

"या, या, बसा ना," बायको म्हणाली. दुसरं म्हणणार काय? मग तिने लबनच्या उरलेल्या बाटलीकडे बघितलं, पाण्याच्या जगाकडे बघितलं आणि शेवटी माझ्याकडे. मुलगीही माझ्याकडेच बघत होती, डोळे मोठे करून.

मी सोफ्याचा हात धरला, दोन झोके घेतले.

"घाल थोडं," मी म्हटलं.