छत्रीची घडी

कोणाशीही बोलण्याआधी मास्तर त्याच्या बाहीचं कापड दोन बोटांत धरून चोळून पाहत. मग नमस्कार. एकदा दिल्लीहून तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांची बाहीही त्यांनी अशीच चोळली आणि शांतपणे सांगितलं, "पहिल्या धुण्यात आटन, साहेब." पुढच्या खेपेला साहेब दुसऱ्या कापडाच्या शर्टात आले.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, ज्याचा हुद्दा आणि काम यांचा मेळ लागत नाही. मास्तर महाल या जुन्या वस्तीतले शिंपी. नागपूरच्या बाहेर आमचा दारूगोळ्याचा कारखाना होता, तिथे ते कामगारांचे गणवेश शिवायला लागले होते. मी ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढत असे.

एकाहत्तरच्या लढाईत आमच्याकडे प्रकाशगोळ्याचं काम आलं. हा गोळा उखळी तोफेतून वर जातो, आकाशात फुटतो, आणि त्यातली पेटलेली मशाल एका लहानशा कापडी छत्रीला लटकून हळूहळू खाली येते. तेवढा वेळ खालचं रान दिवसासारखं दिसतं. निदान दिसायला हवं. गुंडाळून भरलेल्या आमच्या छत्र्या उघडत नव्हत्या. पाण्याच्या टाकीवरून वजन बांधून टाकल्या, तर पाचातल्या तीन दगडासारख्या खाली येत.

इंजिनिअर साहेबांनी दोष कापडाला दिला. परदेशी कापड मागवायचं ठरत होतं. त्या बैठकीत मास्तरांना बोलावलं ते फक्त नमुने हातात धरून उभं राहायला. त्यांनी नमुने चोळले आणि कोणी विचारलं नसताना सांगितलं, "कापड चांगलं आहे, साहेब. घडी वाईट आहे."

साहेबांनी विचारलं, मग घडी कशी हवी.

"गुंडाळलेलं उलगडावं लागते. चुणलेलं आपोआप सुटते."

असं म्हणून त्यांनी टेबलावरचे कागद बाजूला सारले आणि लुगड्याच्या निऱ्या घालाव्यात तशी ती छत्री मागेपुढे चुणली. दोऱ्याही तशाच, नागमोडी. टाकीवरून टाकली, उघडली. दहादा टाकली, दहादा उघडली. साहेबांनी मला तिचा नकाशा काढायला लावला. तीन दिवस खपून मी मिलिमीटरसकट तो काढला आणि मास्तरांना दाखवला. हे काय आहे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुमची घडी. "हो काय," म्हणाले, आणि पुन्हा कधी त्याच्याकडे पाहिलं नाही.

घड्या चिकटू नयेत म्हणून कापडाला टाल्कम पावडर लावायची होती. मागणीपत्र स्टोअरमधून परत आलं. वर शेरा होता : युद्धकाळात चैनीच्या वस्तू मिळणार नाहीत. फाइल वर-खाली होईपर्यंत मास्तरांनी घरातला बायकोचा डबा आणला. आमच्या पहिल्या छत्र्या मोगऱ्याच्या वासाच्या निघाल्या.

मग काम जोरात सुरू झालं. बायका शिवत, आणि शेवटची घडी मास्तर स्वतः घालत. आघाडीवरून रोज विचारणा होई. अशात एका सकाळी मास्तर इंजिनिअर साहेबांच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. मी तिथेच नकाशांवर सह्या घेत होतो. बाहेर रेल्वेचा मालडबा भरला जात होता.

"काल मले ताप होता," मास्तर म्हणाले. "हात माझा नव्हता. कालचा माल खोला, साहेब."

साहेबांनी समजावून पाहिलं, की माल तपासून पास झाला आहे, कागद पुढे गेले आहेत, आता खोलला तर दोन दिवस जातील. मास्तर हलले नाहीत. मग साहेब चिडले. लढाई चालू असताना माल अडवणं याला काय म्हणतात ते माहीत आहे का, असंही बोलले. कोणी दुसरा असता तर माघारी फिरला असता. मी असतो तर आलोच नसतो.

मास्तर म्हणाले, "तिकडचं पोरगं गोळा टाकन अन् वर पाहत राहीन. उजेड पडनार नाही. त्याले वाटन, आपलंच काही चुकलं."

साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि फोन उचलून मालडबा थांबवला.

दोन दिवस सगळा माल खोलून घड्या पुन्हा घातल्या. दोन वाईट निघाल्या. फक्त दोन.

लढाई संपल्यावर कारखान्याला शाबासकीचं पत्र आलं. त्यात इंजिनिअर साहेबांचं नाव होतं, आणि नकाशावर सही असल्यामुळे माझंही. मास्तरांना निष्काळजीपणाबद्दल लेखी ताकीद मिळाली, इंग्रजीत. ती वाचून दाखवायला ते माझ्याकडेच आले. मी खाली मान घालून मराठीत सांगितली.

"दोन निघाल्या ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मग बरोबर लिहिलं."

माझ्या शाबासकीचं मी चाचरत सांगितलं. पत्रात तुमचं नाव हवं होतं, असंही म्हटलं. ते म्हणाले, "तुझी सही चांगली येते, बाबू."

मास्तर निवृत्त होऊन महालातल्या आपल्या दुकानात परत बसले. ते गेले त्याच्या आधीच्या हिवाळ्यात मी पॅन्टची लांबी कमी करायला तिथे गेलो होतो. पायाखाली मशीन चालू होतं. ते मधेच थांबवून त्यांनी विचारलं, मी तो गोळा पेटलेला कधी पाहिला होता का. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मास्तरांनी तो कधीच पाहिला नव्हता. त्यांच्या सगळ्या छत्र्या टाकीवरून भर दुपारी पडल्या होत्या. चाचणीच्या मैदानावर शिंप्याला कोण नेणार?

मी एकदा पाहिला होता. मी सांगितलं, की वर एक ठिणगी दिसते, मग एकदम लख्ख होतं, आणि तो उजेड झुलत झुलत, अगदी सावकाश खाली येतो. गवताची काडी न् काडी दिसते.

मास्तर लक्ष देऊन ऐकत होते.

"टाके दिसत होते काय?"

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, नाही मास्तर, तेव्हा वर कोणीच पाहत नाही. सगळ्यांचं लक्ष खाली असतं.

त्यांनी थोडा विचार केला. "बरं आहे," म्हणाले, आणि माझ्या पॅन्टवर पुन्हा मशीन चालवायला लागले.