मनगटावरची केळ

माझ्या डाव्या मनगटावर केळीचं झाड गोंदलेलं आहे. ते केळीचं आहे हे मला सांगावं लागायचं. खकनारच्या बाजारातल्या गोंदणारणीला तुळस आणि विंचू एवढंच येत होतं. आईने हट्टाने केळ काढायला लावली आणि कोंबडीचा पाय निघाला. मी लहान होते, डोळे घट्ट मिटून रडत होते. आईने लगेच स्वतःच्या मनगटावरही तसंच काढून घेतलं. "दोघींचं सारखंच बिघडलं, आता कोण कोणाला हसणार," म्हणाली. आई गेली, तिच्या पाटल्या भावजयीकडे गेल्या, आणि ते योग्यच झालं. माझ्या वाट्याला कोंबडीचा पाय आला.

पुढे बोटांवर कोड उमटलं तेव्हा मला लोकांची भीती वाटली नाही. शाळेत शिकवणारी बाई नजरांना पुरून उरते. पण डाग बोटांवरून हाताच्या पाठीवर आला, तिथून मनगटाकडे निघाला, आणि माझी झोप उडाली. रंगाबरोबर गोंदणही पुसलं गेलं तर?

घरात उपाय सुरू झाले होतेच. सासूबाईंनी पांढरं खाणं बंद केलं. दूध, दही, भात गेले. निंबोल्याहून बाबांनी केळी पाठवली, तर तीही गेली.

"केळी पिवळी असतात हो," मी म्हटलं.

"सोलली का पांढरीच निघतात ना माय."

केळीच्या बागेत वाढलेली मी बघत बसायची आणि नवरा माझ्यासमोर चवीने केळी खायचा. जैनाबादच्या मावशींचं वेगळंच. त्या म्हणाल्या, "डागावर गोंदूनच टाक. पूरा हात हिरवा करून टाक, झगडाच खतम."

शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. माझ्या मुलीच्या वयाच्या असतील.

"देखो ताई, रंग बनवणाऱ्या पेशींचा काहीच गुन्हा नाही. पण तुमचेच सिपाही त्यांना दुश्मन समजून मारू राहिले. मारून झालं तरी काही जण घरी जात नाहीत, तिथंच चौकी टाकून बसतात. म्हणून डाग बरा झाला तरी परत तिथंच येतो. खाण्याचा काही संबंध नाही. आणि नवीन गोंदण बिलकुल नको, सुई टोचली तिथं नवा डाग येऊ शकतो."

शरीराच्या रक्षक पेशींचा धडा मी दरवर्षी कौतुकाने शिकवते. माझ्याच कुंपणाने शेत खाल्लं होतं. मला खरंच राग आला.

मग मनगट पुढे केलं. "हे जाईल का?"

त्यांनी वाकून पाहिलं. "कोंबडी आहे?"

"केळ आहे."

त्या हसल्या. "नाही जाणार. शाई खाली, खोलात असते. ती पण सिपाह्यांच्याच पोटात. ते दुसऱ्या जातीचे. शाई आत आली की गिळतात. पचत नाही, पण सोडत पण नाहीत. एक मेला की बाजूवाला उचलून घेतो."

रिक्षात बसल्यावर मी पोटभर रडले आणि स्टँडजवळ उतरून केळी घेतली. घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, एक केळं स्वतः सोलून माझ्या हातात दिलं आणि दह्याचं उद्या पाहू म्हणाल्या.

मधल्या काळात भुवईजवळही एक डाग आला होता; मलमाने आणि प्रकाशाच्या उपचाराने तो भरून आला. हात मात्र हट्टी निघाला. पांढरेपणा मनगट ओलांडून वर गेला. सावळ्या कातडीत दबलेली हिरवी रेघ न् रेघ आता उठून दिसते.

परवा भाजी निवडताना सासूबाईंनी माझा हात धरला, चष्मा लावला आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"हे तर खरंच केळीचं झाड आहे," त्या म्हणाल्या. "अन् हे बघ, घड बी लटकू राहिला."

मी पाहिलं. पानांच्या खाली, एका बाजूला, बारीक ठिपक्यांचा घड होता. आईने घडही काढायला लावला होता, हे मला त्या दिवशी कळलं.