उणे नऊ अंशांवरचा आकडा

“तुला कुणी विचारलंय का? एकाने तरी?” नीलिमाने कणकेचा गोळा परातीत आपटला. “पोलीस चौकशी करून गेले, क्लबच्या विम्याचा माणूस येऊन गेला. तुझं नावसुद्धा निघालं नाही. मग तुलाच कसली खाज?”

“आकडा माझा होता,” प्रताप म्हणाला.

“रायफल त्याची. काडतुसात दारू भरली त्याने. चाप ओढला त्याने. आणि म्हणे आकडा माझा!”

टेबलापाशी गणितं सोडवत बसलेल्या अन्वीने मान वर केली नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला घरातलं भांडण कधी ऐकायचं आणि कधी नाही हे बरोबर कळतं.

प्रताप मूळचा चिंचवडचा, वय सेहेचाळीस. अकरा वर्षं जर्मनीत, इंगोलश्टाटमध्ये, गाड्यांचे सेन्सर बनवणाऱ्या कंपनीत. सेन्सर थंड खोलीत ठेवायचे, तापमान उणे तीसपर्यंत उतरवायचं आणि कुठल्या अंशाला ते खोटं बोलायला लागतात ते लिहून ठेवायचं, हे त्याचं काम. राहायला शहराबाहेरच्या खेड्यात. तिथे ओळखी व्हायच्या तर नेमबाजांच्या क्लबात, म्हणून तो क्लबात गेला. नेम बेताचाच होता. पण इंजिनिअर म्हटल्यावर त्यांनी क्रोनोग्राफ त्याच्या हवाली केला. गोळी दोन प्रकाश-डोळ्यांवरून जाते आणि यंत्र तिचा वेग सांगतं. हिवाळ्यात हे यंत्र रुसतं. पडदा मंद होतो, बॅटरी मरगळते. उबेतल्या खोलीत आणून पुन्हा बाहेर नेलं तर डोळ्यांवर दव धरतं.

त्यावर प्रतापने पद्धत बसवली होती. यंत्र बंद पेटीतच अर्धा तास बाहेर ठेवायचं. बॅटरी शर्टाच्या आतल्या खिशात, अगदी शेवटी घालायची. आणि आधी क्लबच्या एअर रायफलने पाच गोळ्या मारायच्या. तिचा वेग सगळ्यांना पाठ, सेकंदाला एकशे सत्तर मीटरच्या आसपास. तो दिसला तरच पुढच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा. सहा हिवाळे त्याने असंच केलं. म्हातारे हसायचे. कोरबिनियन हसायचा नाही. तो कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर, अडुसष्ट वर्षांचा, परवाना घेऊन स्वतःची काडतुसं भरणारा.

जानेवारीतल्या त्या शनिवारी उणे नऊ होतं. नीलिमाने हळदीकुंकू ठेवलं होतं, बावीस बायका. क्लबातून घडीच्या खुर्च्या आणायच्या म्हणून तिने दोनदा फोन केला. घाईत एअर रायफलच्या पाच गोळ्या मारायच्या राहिल्या. त्या दिवशी कोरबिनियन नव्या दारूचा वेग जुळवत होता. आकडे कमी आले आणि विस्कटलेले. सातशे वीस, सातशे एकसष्ट, सहाशे अठ्ठ्याण्णव. प्रतापने वहीत समासात लिहिलं, ‘थंडी’. तोंडाने म्हणाला, थंडीत दारू मंद जळते. कोरबिनियन म्हणाला, “गेनाऊ,” अगदी बरोबर, आणि थोडी जास्त भरलेली काडतुसं काढली. आकडा तरी वर येईना. त्याने आणखी जास्त भरलेली घेतली. शेवटी आकडा जुळला. घरी जाऊन त्याने त्याच मापाने पन्नास काडतुसं भरली.

अकरा दिवसांनी त्यातल्या तिसऱ्या काडतुसाने रायफलचा मागचा भाग फुटला. कोरबिनियनचा उजवा डोळा गेला.

“बॅटरीचंही सांगणार?” नीलिमाचा आवाज उतरला.

त्या शनिवारी सकाळी हॉलमधला धुराचा अलार्म मिनिटामिनिटाला पिकपिक करत होता. तिने खणातल्या, क्रोनोग्राफच्या बॅटरीच्या पाऊचमधली नवी बॅटरी काढून त्यात घातली. जुनी कचऱ्यात टाकायची नसते, दुकानात परत द्यावी लागते, म्हणून ती पाऊचमध्येच ठेवली. प्रतापने पाऊच उचलला आणि बॅटरी शर्टाच्या खिशात टाकली.

“तू जुनी ठेवलीस. यंत्रात मी घातली. तपासली नाही ते मी. पाच गोळ्या मारल्या असत्या तर यंत्र वेग कमी दाखवतंय हे तिथेच कळलं असतं. दोन मिनिटांचं काम.”

“म्हणजे मी फोन केला नसता तर.”

“असं मी म्हणालो का?”

“म्हणू नकोस. लोक म्हणतील.” तिने हात पुसले. “नागरिकत्वाचा अर्ज दीड वर्ष पडलाय. चौकशी लागली की तो तिथेच थांबणार. हिच्या शिक्षणाचं, तुझ्या नोकरीचं काय? सेन्सर तपासणारा माणूस, आणि घरी असा घोळ! तुझा बॉस काय आरती करील? आणि सांगून त्याचा डोळा येणार आहे का परत?”

“काल मी त्याच्याकडे गेलो होतो.”

ती थांबली. हे त्याने सांगितलं नव्हतं.

“त्याने परवाना स्वतःहून परत दिलाय. विमा कंपनी पैसे द्यायला नाही म्हणते, कारण तो सगळ्यांना सांगतोय की मीच म्हातारा झालो, तराजू नीट वाचला नाही. बायको त्याला आता गाडी चालवू देत नाही. गॅस पेटवू देत नाही. कॉफीसुद्धा तीच ओतते.” प्रतापने खुर्ची ओढली, पण बसला नाही. “मला म्हणाला, तू इंजिनिअर आहेस, खरं सांग, माझीच चूक ना?”

“मग?”

“मी म्हटलं, वयानुसार होतं असं.”

तवा धुरावला होता. नीलिमाने गॅस बंद केला.

“पापा, दास हास्ट डू गेझाग्ट?” अन्वीने विचारलं. तू खरंच असं म्हणालास? तिने पहिल्यांदाच वर बघितलं होतं.

“हो.”

“अन्वी, खोलीत जा,” नीलिमा म्हणाली.

“नको, इथेच बस,” प्रताप म्हणाला. “दोघींनाही सांगतो. उद्या दुपारी मी कोरबिनियनकडे जाणार आहे आणि त्याच्या बायकोसमोर सांगणार आहे. मंगळवारी सकाळी आठ वाजता पोलिसांकडे जाणार. अर्ज थांबला तर थांबू दे.”